बायडीने देवीला काय सांगितलं

बायडी माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी. तरी मी तिला वहिनी किंवा मावशी म्हणत नाही. लग्न होऊन ती कारवीपाड्यावर आली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. मला कडेवर घेऊन ती ओढ्यावर जायची, असं आई सांगते. सगळा पाडा तिला बायडी म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. ते तसंच राहिलं.

आमचा पाडा सूर्यमाळच्या खालच्या अंगाला, उतारावर विखुरलेला. पावसाळ्यात भात आणि नागली. दिवाळीनंतर घरांना कड्या लागतात. माणसं भिवंडी-ठाण्याकडे बांधकामावर जातात आणि शिमग्याला परततात. त्यांना नेतो तुळशीदास मुकादम. तो आमच्याच पाड्याचा. पाड्यावरचं एकमेव स्लॅबचं घर त्याचं आहे.

बायडीचा नवरा मंगेश त्याच्या टोळीत सेंटरिंगचं काम करतो. बायडी टोळीचा स्वयंपाक करते. साइटवर एकदा पायावर फळी पडली, तेव्हापासून डावा पाय ती जरा बाहेर टाकून चालते. आवाज मोठा. कानात बोलली तरी पलीकडच्या घराला कळतं. मोखाड्याच्या बाजारात तिला कांदा कमी तोलायची कोणाची छाती होत नाही. दोन मुली आहेत. दोघी आश्रमशाळेत. सुट्टीत घरी आल्या की सासू म्हणते, पोरगा असता तर. बायडी म्हणते, "असता तर तो पण जेवलाच असता."

जव्हारच्या कॉलेजातून मी बीए करून परत आले, तो उन्हाळा होता. विहीर आटलेली. टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतायचा, मग बायका ते शेंदायच्या. टँकरला उशीर झाला की करवंदीच्या जाळीपाशी बसून राहायचं. तिथे बायडीने मला विचारलं, "काय शिकलीस गं एवढी वरसा?"

"साहित्य."

"म्हणजे?"

"गोष्टी. नाटकं."

"त्याला कॉलेज लागता? बरा, सांग एक."

आम्हाला एका पेपरला जुन्या ग्रीक शोकांतिका होत्या. मी तिला त्यातली एक सांगितली. एका राजाची जहाजं युद्धाला निघालेली. वारा पडलेला. वारा यावा म्हणून राजाने पोटच्या मुलीचा बळी दिला.

"वारा आला का?"

"आला."

"येणारच होता. वारा काय पोरीची वाट बघत बसलेला?"

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले. वर्गात सरांनी नशीब, देवांची इच्छा, कर्तव्यातला पेच असं बरंच सांगितलं होतं. वाऱ्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

मग ती रोजच विचारायला लागली. मी रोज एक सांगत गेले. भावाला माती देणारी बहीण. पुढचं सगळं दिसणारी आणि कोणालाच खरी न वाटणारी बाई. नवऱ्याने टाकलेली परदेशी बायको. बायडी तल्लीन होऊन ऐकायची. मधेच म्हणायची, "मरायला बाई, रडायला बाई, शाप द्यायला बाई. त्या देशात बाप्ये काय करायचे?"

"नाटक करायचे," मी म्हटलं. "सगळी पात्रं पुरुषच घ्यायचे. बाईचं पण. मुखवटे लावून."

"मग आपला बोहाडाच झाला की."

"तसंच."

"आणि बायका? बघायला तरी बसत होत्या का?"

"ते नक्की माहीत नाही. विद्वानांत वाद आहे."

यावर ती इतकी हसली की हंडा कलंडला. "एवढी शिकलेली माणसा, आणि समोर बाई बसलेली का नाय ते पण कोणी पाहिला नाय?"

परीक्षेत मी लिहिलं होतं की या नाटकांत स्त्रीला मोठं स्थान आहे. ती बोलते, राजाला जाब विचारते, नाटक तिच्या बोलण्यावर उभं राहतं. मार्क चांगले मिळाले होते. बायडीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बोलते ना. पण तोंड कोणाचा?"

एवढं बोलून ती टँकरकडे पळाली.

हे गेल्या उन्हाळ्यातलं. दिवाळीनंतर टोळी नेहमीप्रमाणे भिवंडीला गेली. या वर्षी तिच्यात रुपीही होती. चैतीची मुलगी, आमच्या शेजारची. एकोणीस वर्षांची. खोडाळ्याकडच्या मुलाशी लग्न ठरलेलं. लग्नाआधी चार पैसे गाठीला असावेत म्हणून गेली.

शिमग्याला सगळे परत आले. बायडी सामान टाकून थेट माझ्याकडे आली. पाणीही प्यायली नाही. जे झालं ते तिने उभ्यानेच सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिते.

"मी डाळ ढवळत होती. डाव हातात. पत्र्याच्या शेडमागे काय तरी आपटला. मना वाटला कुत्रा. गेली बघायला. तर तुळशीदास. रुपीला भिंतीला दाबलेली, तिचा तोंड हाताने बंद केलेला. तिचे डोळे माझ्याकडे. मी काय बोलली नाय. आवाजच नाय आला, माझा! डाव गरम होता तो त्याच्या मनगटावर मारला. सुटली पोर. पळाली."

"मग?"

"मग काय. रात्री जेवायला बसले सगळे. तो बोलला, आज डाळ लय तापलेली होती बायडीची. हसली टोळी. मंगेश पण हसला."

"मंगेशला माहीत होतं?"

"मी सांगितला होता ना. जेवायला बसायच्या आधीच."

मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. 

बायडी चैतीकडे गेली. मी बरोबर होते. चैती नागलीचं पीठ चाळत होती. तिने चाळण थांबवली नाही.

"तू पाहिलास तर पाहिलास. आता विसर. वैशाखात लग्न हाय पोरीचा."

"लग्न हाय म्हणून त्याने सोडली काय?"

"हळू बोल ना, बाई. भिंती कुडाच्या हायेत."

त्या आठवड्यात बायडी घरोघर फिरली. प्रत्येक घरी तेच. खरं आहे गं. तसलाच आहे तो. पण दिवाळीनंतर टोळी कोण नेणार? पण आपली माणसं त्याच्याच हाताखाली. पण आपण काय करणार? त्या ग्रीक नाटकांत एक घोळका असतो. तो सगळं बघतो. त्याला सगळं कळतं. तो हळहळतो आणि जागचा हलत नाही. सर म्हणायचे, तो समाजाचा विवेक. मी पाड्यावर तो विवेक घरोघर बघितला. भाकरी थापताना, शेण काढताना, मान हलवताना.

रुपीला मी एकटीला गाठलं. ती सरपण बांधत होती. बराच वेळ दोरीशीच बोलत असल्यासारखी बोलली.

"मी बोलली तर नाव माझा राहील. त्याचा नाय राहणार."

"मग बायडीने गप्प बसावं?"

तिने गाठ आवळली. "बायडी बोलली तर मी नाय म्हणणार नाय. मना कोणी विचारला तर हो म्हणेन. पण पयला मी नाय बोलणार."

मी ते बायडीला सांगितलं. तिला तेवढं पुरलं. विहिरीवर सगळ्यांसमोर ती म्हणाली, "बोहाडा झाला की मी मोखाड्याला जाणार. पोलिसात सांगणार." त्याच संध्याकाळी ते तुळशीदासच्या घरी पोचलं असणार.

बोहाडा म्हणजे आमच्याकडची सोंगं. गावदेवीच्या नावाने देवांचे, राक्षसांचे मुखवटे घालून माणसं नाचतात. संबळ आणि पिपाणी वाजते. प्रत्येक सोंगाचा मान ठरलेला. सोंग घेणारे सगळे पुरुष. देवीचं सोंग घेणाराही पुरुषच. बायकांनी मुखवट्याला हातसुद्धा लावायचा नाही, फक्त ओवाळायचं. शेवटच्या दिवशी उजाडल्यावरही सोंगं चालू राहतात, आणि सगळ्यात शेवटी देवी निघते.

यंदा देवीचा मान तुळशीदासने मागून घेतला. मांडव त्याचा, जनरेटर त्याचा, माईक त्याचा. कोणी नाही म्हटलं नाही.

त्या सकाळी मी आणि बायडी मांडवाच्या कडेला बसलो होतो. ऊन नुकतं वर आलेलं. मधे मधे हसायची सोंगं असतात, तसं एक आलं. कजाग बाईचं सोंग. ते दरवर्षी असतं. सुळे बाहेर आलेला बाईचा मुखवटा, छातीला गाडग्यांचा फुगवटा. पोरं खडे मारतात, बाई शिव्या देत त्यांच्या मागे पळते. यंदा ते पंकजने घेतलं होतं. पंकज तुळशीदासचा भाचा.

सोंग रिंगणात आलं आणि बायडी ताठ झाली.

"ही माझी साडी," ती म्हणाली.

हिरवी, पिवळ्या काठाची. मुलींना बरोबर नेऊन तिने ती मोखाड्याच्या बाजारातून आणली होती. सणाला नेसायची. पंकजच्या अंगावर ती होती. त्याच्या हातात डाव होता. तो डावा पाय बाहेर टाकत चालत होता.

आधी थोडे हसले. मग सगळ्यांना कळलं आणि मांडव फुटला.

एका पोराने मुकादमाचं सोंग केलं होतं. डोळ्यांवर गॉगल, हातात फायबरची टोपी. पंकज डाव घेऊन त्याच्या मागे लागला. गोल गोल. मग थांबला. डाव टाकला. पदर पाडला. बायडीच्या मोठ्या आवाजात ओरडला, "तिला धरतोस? माझ्यात काय कमी हाय रं?" आणि साडी गुडघ्याच्या वर घेऊन त्या पोराच्या अंगावर गेला.

लोक हसून लोळत होते. म्हातारे हसत होते. माझे काका हसत होते. बायका पदर तोंडावर धरून हसत होत्या. पदर होता म्हणून हसणं झाकलं जात नव्हतं, खांदे हलत होते. अनेकांनी मोबाइल वर धरले होते. चैती हसत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती. तेही मला बघवेना.

  ग्रीकांच्या मुखवट्यांची चित्रं मी पुस्तकात पाहिली होती. उघडी तोंडं, मोठे डोळे. मला ती भव्य वाटायची. त्या सकाळी मला पंकजच्या मुखवट्याच्या उघड्या तोंडातून आतल्या बाप्याचे ओठ दिसले. हसणारे, ओले.

बायडी उठली. मांडवामागे मंगेश चहा पीत उभा होता.

"साडी कोणी दिली त्याला?"

"सोंग हाय गं."

"दिली कोणी?"

"तुळशीदासने मागितली. मी काय करू? सोंगाचा राग धरायचा नसतो. रीत हाय."

"मुलींनी पाहिला असता तर?"

"नाय ना त्या हितं." त्याने कप कठड्यावर ठेवला. "आणि तू पण गप बस आता. झाली ना मजा? संपला. तू मोखाड्याला जाशील तर लोक हेच दाखवतील मोबाइलवर. कोण खरा मानेल तुला?"

म्हणजे ती मजा नव्हती. ते ठरवून केलेलं होतं. मंगेश ते सांगून बसला आणि त्याला कळलंही नाही. बायडी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती त्याला मारेल. ती म्हणाली, "चहा थंड झाला तुझा," आणि परत मांडवाकडे चालू लागली. पाय बाहेर टाकत. वाटेतल्या दोन पोरी तिचं चालणं बघून फिस्सकन हसल्या.

देवी निघाली. लाल मुखवटा, मोठे चांदीच्या वर्खाचे डोळे, पाठीवर मोरपिसांचा पसारा. हातात तलवार, हातभर हिरव्या बांगड्या. संबळाचा ठेका बदलला. हसणारे तेच लोक आता हात जोडून उभे राहिले. इतक्या लवकर.

आमच्या पाड्यावरची एक रीत आहे. देवीपुढे नवस उघड बोलायचा. बोलणाऱ्याने मुखवट्यासमोर उभं राहायचं, संबळ थांबतो, आणि काय हवं ते सांगायचं. पाड्याचा भगत सावळाबाबा शेजारी उभा असतो. तो तेच शब्द सगळ्यांना ऐकू जातील असे परत सांगतो. मग तो नवस पाड्याच्या साक्षीने होतो. पूर्वी सावळाबाबा नुसत्या गळ्याने सांगायचा. आता माईक असतो. दुसरी रीत अशी की मुखवट्याच्या आत कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण उच्चारायचं नाही. मुखवटा चढला की तो माणूस नसतो.

बायका रांगेने येत होत्या. कोणाला नातू हवा, कोणाच्या नवऱ्याची दारू सुटायला हवी. सावळाबाबा एकेक नवस माईकवर सांगत होता. देवी डोक्यावर हात ठेवत होती. चैतीनेही रुपीला पुढे आणलं. रुपीने वाकून पायाला हात लावला. देवीने तिच्याही डोक्यावर हात ठेवला. 

मग बायडी गेली. जुन्या, विटक्या लुगड्यात. मांडवात खसखस पिकली. संबळ थांबला.

मी पहिल्या रांगेत सरकले होते. मला प्रत्येक शब्द ऐकू आला. ती ओरडली नाही. देवीशी बोलतात तसं बोलली, हळू.

"देवी, मी बायडी. भिवंडीला साइटवर तुळशीदास मुकादमाने रुपीला शेडमागे ओढला. तिचा तोंड दाबला. मी पाहिला. मी मोखाड्याला जाऊन सांगणार. सांगितल्याशिवाय तुझ्यापुढे परत येणार नाय. माझी जीभ सरळ ठेव. फिरू देऊ नको."

सावळाबाबा माईक धरून उभा होता. त्याने एकदा मुखवट्याकडे पाहिलं. घसा साफ केला.

"मंगेशची बाई बायडी देवीला मागते," माईकवर आवाज घुमला, "पाड्याला सुखी ठेव. पाऊस वेळेवर दे. आणि मंगेशच्या वंशाला दिवा दे."

"देवीची कृपा!" मांडव ओरडला.

संबळ सुरू झाला. बायडी वळून म्हणाली, "मी असा नाय बोलली." मग ओरडून म्हणाली. पुन्हा ओरडली. तिचा तो आवाज, जो कानात बोलली तरी पलीकडच्या घराला कळतो, तो संबळात आणि कर्ण्यात बुडाला. तिचे ओठ हललेले फक्त दिसले.

देवीने हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. बांगड्या खाली घसरल्या. मनगटावर भाजल्याचा डाग होता. गुलाबी, चकचकीत. हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

मला आजवर इतकी किळस कशाचीच आली नाही.

सगळं उरकल्यावर सावळाबाबा देवळामागे तंबाखू मळत बसला होता. बायडी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तो तिचा चुलत सासरा. एरवी ती त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घेते. आज घेतला नाही.

"बाबा, माझा नवस बदलला का?"

"देवीचा दिवस हाय पोरी. माईकवर असला घाण शब्द सांगू?"

"घाण त्याने केली. शब्द माझा घाण?"

"तुझा भलाच बघितला मी. पोरगा मागितला ना तुझ्यासाठी?"

"मी मागितला का?"

"बाई दुसरा काय मागते?"

तो हे चिडून म्हणाला नाही. प्रेमानेच म्हणाला. त्याने बायडीच्या तोंडात त्याला माहीत असलेली बाई घातली होती. पुस्तकातल्या त्या सगळ्या राण्या, बहिणी, शाप देणाऱ्या बायका मला आठवल्या. त्यांची ती सुंदर लांब भाषणं. त्या खरंच काय म्हणाल्या असत्या? आणि तेव्हा माईकपाशी कोण होतं?

घरी जाताना मी म्हटलं, "त्याने हात ठेवला तुझ्या डोक्यावर. त्यानेच. सगळं ऐकून."

"कोणी?"

"तुळशीदासने."

बायडी थांबली. "तो कुठे होता? देवी होती."

"बायडी, आत तोच होता. डाग दिसला मला."

"डाग त्याचा. हात देवीचा." ती मला समजावत होती, मी लहान असल्यासारखं. "मुखवटा चढल्यावर तो नसतो. असता तर मी बोलली असती का? मी देवीला सांगितला. देवीने ऐकला. हात ठेवला. म्हणजे कबूल केला."

"आणि सावळाबाबाने सांगितलं ते?"

"त्याचा राग हाय मना. देवी आणि माझ्यामधे तो कोण?"

मला तिच्याशी वाद घालता आला नाही. माझ्या मते आत एक माणूस होता, तो सगळं ऐकून आशीर्वाद देत होता आणि मुखवट्याआड मजेत होता. तिच्या मते आत तो नव्हताच. म्हणूनच ती निघायला तयार होती आणि मी नव्हते.

"आता मना जायलाच लागेल," ती म्हणाली. "बोलून झाला ना देवीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रस्त्यावर आलो. पाड्याच्या फाट्यावरून मोखाड्याला जीप जातात. पहिला जीपवाला टोळीतल्याच एकाचा भाऊ. त्याने बायडीला पाहिलं आणि म्हणाला, जागा नाही. जीप अर्धी रिकामी होती. मागे बसलेल्या दोघांनी डावाने ढवळल्याचा हातवारा केला आणि जीप गेली.

"चल चालत," बायडी म्हणाली.

उतारापर्यंत चालत आलो. तिथे एसटी मिळाली. गाडीत ती खिडकीला बसली.  मग म्हणाली, "तुमच्या त्या नाटकात मारामाऱ्या समोर दाखवीत नाय, असा तू बोललेलीस ना?"

"नाही दाखवत. आत कुठेतरी होतं सगळं. मग एकजण येऊन सांगतो, काय झालं ते."

"त्याचा नाव काय असता?"

"नाव नसतं त्याला. नुसता निरोप्या."

"बाईमाणूस असता का कधी?"

मी आठवून पाहिलं. "क्वचित. बहुतेक बाप्याच."

तिने मान हलवली, बाजारभाव कळल्यासारखी.

मोखाड्यात बायडीने आधी नळावर तोंड धुतलं, पदर नीट केला. मग आत गेलो. पोलीस ठाण्यात एक बाई होत्या. वर्दीतल्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, देशावरच्या असाव्यात. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. बायडी बोलायला लागली. पाड्याच्या बोलीत, भरभर, वाक्यावर वाक्य. बाईंनी हात वर केला.

"थांबा, थांबा. मला तुमचं सगळं कळत नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शिकलेल्या दिसता. त्या सांगतील ते तुम्ही मला मराठीत सांगा. म्हणजे सोपं होईल."

मी होकार दिला. मी खुर्ची पुढे ओढली. काय शब्द वापरावेत ते मनात जुळवू लागले. बायडीसाठी मला एवढं तरी करता येत होतं.

बायडीने माझ्या हातावर हात ठेवला.

"नको. तू नको सांगू."

"अगं, त्यांना कळत नाहीये."

"कळेल. मी सावकाश बोलीन. तू बस नुसती."

ती नाराज नव्हती. माझ्यावर तिचा अविश्वासही नव्हता. पण आता मधे कोणीच नको होतं तिला, मीसुद्धा नको. मी खुर्ची मागे घेतली. 

तिने सुरुवात केली. शाळेतलं मराठी, जेवढं मुलींकडून ऐकलेलं. शब्द अडला की साइटवरचं हिंदी. "शेड के पीछे," ती म्हणाली. हाताने भिंत दाखवली. उठून उभी राहिली, स्वतःचा तळवा स्वतःच्या तोंडावर दाबला, आणि तसंच धरून बाईंकडे पाहत राहिली. मग हात काढला. "असा," ती म्हणाली. "असा धरलेला."

बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मुलगी स्वतः येईल का?"

"तुम्ही बोलवा. ती हो बोलेल. हिला बोलली हाय."

"तुमचं तिच्याशी नातं काय?"

 बायडीने माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. शब्द सोडले तर एवढा वेळ कुठेच अडली नव्हती ती.

"नाता काय नाय," ती म्हणाली. "मी पाहिला."

"तसं नाही, म्हणजे मावशी, काकी, शेजारीण, असं काही?"

"नाय ना. मी पाहिला. तेवढाच लिहा."